कोजागिरीच्या आधीचा मेळघाट

मेळघाटात धबधबे बघायचे तर श्रावण-भाद्रपदात जावं आणि पानगळ बघायची तर फाल्गुनात, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. ते खरंही आहे. पण माझ्या भाचीला दोन्ही एकाच फेरीत हवं होतं. ती अमरावतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. ऑक्टोबर लागला की तिच्या मोबाइलवर परदेशातल्या लाल-पिवळ्या मेपलचे फोटो यायला लागतात. कुणाची बहीण तिकडे शिकायला गेलेली असते, कुणाचा मावसभाऊ नोकरीला. "आत्या, आपल्याकडं झाडं अशी कधीच रंगत नाहीत का गं?" असं तिनं विचारलं, तेव्हा घरात बसून उत्तर देण्यापेक्षा तिला जंगलात नेलेलं बरं, असं मला वाटलं.

दिवस निवडणं हेच या प्रवासातलं सर्वांत अवघड काम होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस विदर्भातून परततो. त्याच्या आधी मेळघाटातल्या चिखलदऱ्याला गेलं तर पाणी भरपूर असतं, पण दरीत धुकं असं बसतं की धबधब्याचा आवाज ऐकून परत यावं लागतं. दिवाळीनंतर गेलं तर दरी स्वच्छ दिसते आणि पाणी आटलेलं असतं. चिखलदऱ्याचे, म्हणजे गाविलगडचे डोंगर काळ्या बसाल्टचे आहेत. त्या खडकात पाणी फार साठून राहत नाही, आणि वरचं पठारही लहान, त्यामुळे धबधब्यामागे मोठी नदी नसते. गेल्या पंधरवड्यात पडलेला पाऊसच कड्यावरून खाली येत असतो. तो थांबला की धार रोज बारीक होत जाते. म्हणून पाऊस उघडल्यानंतरचे पहिले काही दिवस गाठायचे होते, आणि ते कॅलेंडरवर आधी खूण करून ठेवता येत नाहीत. दसऱ्याला अजून अवकाश होता तेव्हापासून मी रोज हवामान बघत होते. परतवाड्याच्या एका ओळखीच्या शिक्षिकेला फोन करून "आज डोंगरावर ढग आहेत का?" एवढंच विचारायचे.

दादाचा हिशेब वेगळा होता. नेर तालुक्यात आमचं शेत आहे आणि सोयाबीन सोंगायला आलं होतं. "सोयाबीन घरात आल्याबिगर मी कुठी हालत नाही," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. गंमत अशी की त्याला सोंगणीसाठी जी उघाड हवी होती तीच आम्हाला डोंगरासाठी हवी होती. दसरा झाला, ढग गेले, शेतात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागलं, पोती घरात आली आणि कोजागिरीच्या आत आम्ही निघालो. दादा, वहिनी, भाची आणि मी.

पहाटे अंधारात निघालो ते वहिनींनी केलेल्या सांभारवड्या आणि दशम्या घेऊन. नेरहून बडनेरा, अमरावती, मग वलगाव, आसेगाव आणि परतवाडा. या सपाटीच्या रस्त्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत, झोपून काढतात. मला तो आवडतो. शरदातला वऱ्हाड रंगाच्या बाबतीत डोंगरापेक्षा कमी नसतो. सोंगून झालेलं सोयाबीन रानभर पिवळट दिसतं, मध्येच तुरीचा गडद हिरवा पट्टा, आणि कपाशीची पहिली बोंडं फुटून खालच्या फांद्या पांढऱ्या झालेल्या. एका शेताच्या धुऱ्यावर बायका सीतादहीची पूजा करत होत्या. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे ती करतातच. वहिनींनी गाडी थांबवायला लावली, उतरून नमस्कार केला आणि हातात प्रसाद घेऊन परत आल्या. आसेगावला पूर्णा ओलांडली. पाणी गढूळपणा सोडून हिरवट व्हायला लागलं होतं. अचलपूरच्या बाजूला संत्र्याच्या बागा लागल्या. आंबिया बहाराची फळं अजून हिरवी होती, पण उन्हाकडच्या अंगाला पिवळी झाक आलेली.

आसेगाव सोडलं की उत्तरेला सातपुड्याची भिंत दिसायला लागते. ती खरोखर भिंतच आहे. तापी-पूर्णेचं मैदान सपाट चालत येतं आणि अचानक डोंगर उभा राहतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटरवर आहे. खालच्या शेतातून मान वर करून बघितलं की धबधबे इथंच का, हे कळायला पुस्तक लागत नाही.

परतवाड्याला टाकी भरून घेतली, कारण वर गेल्यावर पंपाचा भरवसा धरायचा नाही, हा दादाचा नियम. मग आधी मुक्तागिरी. परतवाड्यापासून चौदा-पंधरा किलोमीटर. खरं तर ते मध्यप्रदेशात, बैतूल जिल्ह्यात येतं, पण आमच्या भागातली माणसं त्याला आपलंच समजतात. जैनांचं सिद्धक्षेत्र, म्हणजे मुनी मोक्षाला गेले असं मानतात ती जागा. डोंगराच्या कुशीत ५२ मंदिरं, बहुतेक पांढरी, आणि त्यांच्या मधोमध कड्यावरून पडणारा धबधबा. देवळाशेजारी धबधबा पुष्कळ ठिकाणी असतो, पण देवळांच्या रांगेतून वाट काढत पाण्याच्या पायथ्याशी जाणं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अष्टमी-चतुर्दशीला इथं केशराचा पाऊस पडतो, अशी श्रद्धा आहे.

पायऱ्या चढून गेलो तेव्हा धार होती. पावसाळ्यातली गर्जना नव्हती. पाणी कड्याच्या अर्ध्यापर्यंत एकसंध येत होतं, पुढे वाऱ्यानं फुटून त्याचे तुषार होत होते आणि बाजूच्या भिंतींवर उडत होते. तिथं एक म्हातारे गृहस्थ रोज झाडलोट करतात. ते वहिनींना म्हणाले, "आठ दिवसांपयले आले असते तं बोलणं ऐकू आलं नसतं, बाई. पन आता निवांत पाह्यता येते." मला त्यांचं म्हणणं पटलं. भर पावसात धबधबा अंगावर येतो आणि माणूस मागे सरतो. पाणी ओसरल्यावर कड्याचे थर दिसतात. एक जाड, टणक थर, त्याखाली ठिसूळ, भोकाभोकांचा लालसर थर, पुन्हा टणक. लाव्हाचे हे थर एकावर एक साचले आहेत. ठिसूळ थर झिजतो, वरचा टणक पुढे आलेला राहतो आणि पाणी त्यावरून सुटं पडतं. भाचीनं बोटानं दाखवत दाखवत आईला हे समजावलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे देऊळ किती दिवस राहील?" भाचीकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

परतवाड्याहून वर जायला दोन वाटा. एक धामणगाव गढीवरून सरळ घाट चढते, दुसरी घटांगवरून जंगलातून फिरून येते. आम्ही जाताना घटांगची घेतली आणि उतरताना धामणगाव गढीची. पानं बघायची असतील तर याच क्रमानं जावं, कारण घटांगच्या रस्त्याला जंगल जवळ येतं आणि गाडी हळू चालवायला सबब मिळते. वाटेत वझ्झर लागतं. शंकरबाबा पापळकरांनी निराधार, दिव्यांग मुलांना तिथं घर दिलं, नाव दिलं आणि त्या मुलांच्या हातून उजाड टेकडीवर झाडं वाढवली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती झाडी रस्त्यावरूनच दिसते. या प्रवासात पाहिलेल्या सगळ्या हिरव्यात मला ती वेगळी वाटते.

घटांगच्या अलीकडे सागवान सुरू झालं आणि भाची ओरडलीच, "बाबा, थांबा, थांबा!" समोरचा सगळा उतार तांबूस होता. जुन्या तांब्याच्या हंड्यासारखा रंग, मधूनमधून हिरवे ठिगळ. बाजूला तीन-चार गाड्या थांबलेल्या, मुलं-मुली फोटो काढत होती. आमच्याकडंही पानं रंगतात, हे डोळ्यांसमोर होतं. दादानं गाडी कडेला घेतली आणि भाची उतरून थेट झाडापाशी गेली. एक पान तोडून आणलं आणि उजेडाकडे धरलं. पानाचा मांसल भाग गेला होता. उरली होती नुसती शिरांची जाळी, इतकी नाजूक की त्यातून पलीकडचा डोंगर दिसावा.

हे रंगणं नाही, अळीचं खाणं आहे. सागावर दोन किडी मोठ्या प्रमाणात येतात. एक पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पानं अख्खी फस्त करते. दुसरी पावसाळ्याच्या शेवटी येते आणि शिरा तशाच ठेवून मधला हिरवा भाग खाते. तिचं शास्त्रीय नाव भाचीला पाठ होतं, युटेक्टोना मशेरॅलिस. पतंगाची बारीकशी अळी. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ती उतारच्या उतार तांबूस करून सोडते. झाड त्यानं मरत नाही, वाढ मात्र कमी होते. एकाच जातीची झाडं दाट लावलेली असतात तिथं ती वेगानं पसरते. मिश्र जंगलात तिला एवढं मोकळं रान मिळत नाही. तसं बघितलं तेव्हा आम्हालाही कळलं की जिथं सागाच्या सरळ रांगा होत्या तो उतार जळल्यासारखा होता, आणि जिथं ऐन, धावडा, मोहा, टेंभरुण मिसळलेले होते तिथं हिरवं टिकून होतं.

मला वाटलं, पोरीचा हिरमोड होईल. झालं उलटंच. ती तिथं अर्धा तास बसली. पानाच्या मागच्या बाजूला तिला ती अळी सापडली, हिरवट, पातळ जाळ्याखाली. आणि मग ती आम्हाला मेपलबद्दल सांगायला लागली. थंड मुलखात दिवस लहान झाला, गारठा वाढला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला उपयोगी माल खोडात परत घेतं. हिरवं गेलं की आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बहुतेक त्याच वेळी नवा तयार होतो. आपल्याकडं झाडाला थंडीची भीती नाही, उन्हाळ्याची आहे. पाणी मिळेनासं झालं की पानांतून जाणारं पाणी वाचवायला झाड पानं टाकतं. म्हणून आपली पानगळ हिवाळ्याच्या शेवटी सुरू होते आणि होळीच्या आसपास भरात येते. ऑक्टोबरात जमिनीत पोटभर ओल असते. झाडानं आत्ताच पानं का टाकावीत?

हे ती बोलत असताना दादा तंबाखू मळत शांत उभा होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे झाडाले बी आपल्यासारखाच पाण्याचा हिशेब हाय." कोरडवाहू शेती करणाऱ्या माणसाला हे चटकन कळतं.

रात्री चिखलदऱ्याला मुक्काम केला. दिवाळीच्या सुट्ट्यांना वेळ होता, त्यामुळे खोली सहज मिळाली. शनिवार-रविवार टाळावेत एवढंच सांगेन. खाली ऑक्टोबरचा उकाडा सोसून आलेल्या माणसाला वर रात्री स्वेटर लागतो, तो नेलाच पाहिजे.

सकाळी उजाडताच भीमकुंडावर गेलो. भीमानं कीचकाला मारून या दरीत टाकलं आणि कुंडात हात धुतले, अशी कथा सांगतात. चिखलदऱ्याला कीचकदरा म्हणतात ते त्यावरूनच. कथा माहीत असूनही दरीच्या काठावर उभं राहिलं की ती नव्यानं खरी वाटायला लागते, इतका तो कडा सरळ आहे. धुकं दरीच्या तळाशी बसलं होतं आणि वर काठ उन्हात होता. धबधब्याचं तोंड दिसत होतं, शेवट दिसत नव्हता. आम्ही हललो नाही. तासाभरात धुकं विरत गेलं आणि धार टप्प्याटप्प्यानं खाली उघडी होत गेली. आधी पहिला टप्पा, मग खडकाची ओली भिंत, तिच्यावरची शेवाळाची हिरवी पट्टी, मग दुसरा टप्पा आणि सर्वांत शेवटी कुंड. माणसं येतात, धुकं बघून सेल्फी काढून जातात. त्यांना सांगावंसं वाटतं की बसा, चहा घ्या, ते उठणार आहे.

पंचबोल पॉइंटवर भाचीनं हाक मारून आवाज पाचदा येतो का ते मोजलं. वाऱ्यामुळे नीट जमलं नाही. देवी पॉइंटला देवीचं दर्शन घेतलं, खडकातून ठिबकणारं पाणी डोक्यावर घेतलं.

गाविलगडावर मात्र पानांपेक्षा गवतानं आम्हाला धरून ठेवलं. हा किल्ला बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५-२६ च्या सुमारास बांधवला, आणि १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजांनी तो भोसल्यांकडून जिंकला. आत तलाव आहेत, पडक्या मशिदी आहेत, तोफा आहेत. पण शरदात आत शिरलं की आधी दिसतं ते छातीपर्यंत आलेलं गवत. कुसळी पिकायला लागली होती. तिच्या तुऱ्यांना विटकरी रंग येतो आणि वारा आला की अख्खं पठार एका बाजूला लालसर, दुसऱ्या बाजूला रुपेरी होतं. मध्ये मध्ये तिखाडी, तिला हात लावला की बोटांना गुलाबासारखा, जरा तिखट वास राहतो. ऑक्टोबरात वऱ्हाडच्या डोंगराला रंग असतो तो हा, गवताचा. आपण वर झाडांकडे बघत राहतो आणि तो कमरेशी असतो. कुसळं कपड्यांत रुततात, म्हणून जाड पँट आणि बूट हवेत. वहिनींच्या साडीच्या काठातली कुसळं काढता काढता संध्याकाळ झाली असती, पण त्यांनीच आम्हाला आणखी पुढे नेलं.

दुसरा रंग जगनीचा, म्हणजे कारळ्याचा. चिखलदऱ्याहून सेमाडोहच्या बाजूला उतरताना कोरकू आदिवासींची गावं लागतात. डोंगरउतारावर कुटकी, सावा ही बारीक भरडधान्यं आणि जगनी यांचे तुकडे. जगनी फुलली होती. सूर्यफुलाची लहान बहीण म्हणावी अशी पिवळीधमक फुलं, उतारच्या उतार. कुटकीचं पीक सोंगणीला आलं होतं आणि तांबूस दिसत होतं. एका गावाच्या फाट्यावर एक बाई टोपलीत सीताफळं घेऊन बसली होती. डोळे उघडलेली, रानातली, लहान पण गोड. वहिनी तिच्याजवळ बसल्या आणि दोघींचं बराच वेळ बोलणं चाललं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. तिनं पैसे घेतले आणि वर चार सीताफळं जास्तीची घातली, "पोरीसाठी".

सेमाडोहला सिपना नदी भेटते. पावसात लाल असलेलं तिचं पाणी आता नितळ होतं, तळातले गोटे मोजता येतील इतकं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ मधला. वाघ दिसावा म्हणून आम्ही गेलो नव्हतो आणि तो दिसलाही नाही. पुलाजवळ वनखात्याकडे रोजंदारीवर काम करणारे एक काका भेटले. या रानात त्यांचा जन्म गेलेला. भाचीनं त्यांना विचारलं, सर्वांत रंग केव्हा असतो? ते म्हणाले, "होळीच्या आगेमागे ये. धावडा तांबडा होते, सागवान सगळं खाली येते, पायाखाली नुसता खळखळाट. पळस पेटते. अन् कुसुम पाह्यजो. कुसुमाची नवी पानं इतकी लाल, का लोकं त्याले फूल समजतात."

भाचीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी बघत होते. मेपल जाताना लाल होतो, आपला कुसुम येताना. कोवळ्या पानात तो लाल रंग भरतो, पान पक्कं झालं की हिरवं होतं. तिकडच्या लोकांनी पानगळीवर जेवढी माया केली तेवढी आपण पालवीवर केली, आणि आपल्या झाडांकडे बघितलं तर ती बरोबरच आहे. फक्त हे तिला मोबाइलवर कुणी सांगितलं नव्हतं. त्या काकांनी सांगितलं.

आणखी एक गोष्ट सिपनेच्या काठावर नकाशा उघडल्यावर लक्षात आली. चिखलदऱ्याच्या पठाराच्या उत्तरेला पडलेला पाऊस सिपनेतून तापीला जातो. दक्षिणेच्या कड्यावरून पडलेला सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांनी मैदानात उतरतो, पूर्णेला मिळतो, आणि पूर्णा चांगदेवपाशी तापीलाच मिळते. म्हणजे पठारावर हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब एकमेकांना पाठ करून निघतात आणि जळगाव जिल्ह्यात पुन्हा भेटतात. मुक्तागिरीहून निघालेलं पाणी आम्ही आदल्या सकाळी आसेगावच्या पुलावर ओलांडलेल्या पूर्णेकडेच जातं. दादा यावर खूश झाला. नदीचं नाव निघालं की त्याला कुठल्या गावाला तिचं पाणी मिळतं हे विचारायचं असतं, आणि परतीच्या वाटेवर तो तेच विचारत राहिला.

येताना मोथ्याला थांबलो. पठारावरच्या या गावात स्ट्रॉबेरी होते. लावणी झालेली होती, फळाला अजून वेळ होता. गवळ्यांकडचा खवा घेतला. धामणगाव गढीचा घाट उतरताना दादानं सगळा वेळ दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेवली, ब्रेक तापू नयेत म्हणून. पावसाळ्यानंतर वळणांवर माती आणि बारीक दगड आलेले असतात, अंधार पडायच्या आत उतरावं.

यंदा कुणाला जायचं असेल तर माझा क्रम असा आहे: पाऊस उघडला की लगेच निघा, मुक्तागिरी पहिल्या दिवशी सकाळीच करा, घटांगवरून चढा, भीमकुंडाला पहाट द्या आणि सेमाडोहला दुपार. सागाची तांबडी टेकडी दिसली की एक पान हातात घेऊन उजेडाकडे धरून बघा. आमचं फाल्गुनातलं जाणं ठरलं आहे. हरभरा निघेपर्यंत दादाला वेळ नाही, आणि हरभरा निघतो तेव्हाच कुसुम लाल होतो.